मुलाचे नाव : परंपरा, प्रतिष्ठा आणि लोकप्रियता

प्रस्तावना

मुलाचे नाव परंपरेला धरून असावे आणि तरीही चारचौघांत रुळलेले असावे, अशी अपेक्षा आज बहुतेक मराठी पालक व्यक्त करतात. या अपेक्षेतील 'परंपरा' हा शब्द इतिहासाच्या अभ्यासकाला थांबवतो. कोणाची परंपरा, आणि किती जुनी? प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील पुत्रनामांचा विचार या प्रश्नाच्या अनुषंगाने करावयाचा आहे. मुलींच्या नावांचा इतिहास वेगळा असून विवाहानंतर नाव बदलण्याच्या प्रथेमुळे तो अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. त्याची चर्चा येथे केलेली नाही.

शास्त्र आणि व्यवहार

नामकरण हा सोळा संस्कारांपैकी एक. नाव कसे असावे याविषयी गृह्यसूत्रांत बारकाईने नियम दिलेले आहेत. त्यांचा एक मनोरंजक उल्लेख पतंजलीच्या महाभाष्यात, पहिल्याच आह्निकात येतो. व्याकरण कशासाठी शिकावे हे सांगताना पतंजलीने याज्ञिकांचे मत दिले आहे : जन्मानंतर दहाव्या दिवसानंतर पुत्राचे नाव ठेवावे, आरंभी घोष व्यंजन व मध्ये अंतःस्थ वर्ण असावा, अक्षरे दोन किंवा चार असावीत, नाव कृदन्त असावे, तद्धितान्त नसावे. कृदन्त कोणते हे व्याकरणावाचून कळणार नाही, म्हणून व्याकरण शिकावे, असा हा युक्तिवाद. त्याच नियमांत दोन अटी अशा आहेत की त्यांचा संबंध ध्वनीशी नसून समाजाशी आहे. नावाने पूर्वजांच्या तीन पिढ्यांचे स्मरण राखावे आणि ते शत्रूकडे रूढ झालेले नसावे. आजोबांचे नाव नातवाला देण्याच्या रूढीला किमान दोन हजार वर्षांचा आधार आहे तो असा.

मनुस्मृतीने मात्र वेगळीच अट घातली. दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित असावे असे विधान आहे. जन्मून दहा-बारा दिवस झालेल्या अर्भकाची पायरी नावातूनच ठरवून टाकणारा हा नियम प्रत्यक्षात किती पाळला गेला हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होय. परंतु नाव हे प्रतिष्ठेचे वाटप करणारे साधन आहे ही जाणीव त्यात स्पष्ट दिसते.

व्यवहारात मराठी घरांतील नामकरण हे बहुतांशी स्त्रियांच्या हाती राहिले. बाराव्या दिवशी बारसे, पाळण्याच्या खालून-वरून गोविंद-गोपाळ म्हणत मुलाची देवाणघेवाण, आणि बाळाच्या कानात नाव सांगण्याचा आत्याचा मान हे सारे पोथीबाहेरचे आहे. पत्रिकेतील नक्षत्राच्या चरणावरून निघालेले जन्मनाव धार्मिक कार्यापुरते उरते; हाक मारण्याचे नाव घरातील माणसे ठरवतात.

आजोबांचे नाव

पेशवे घराण्यात पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ. त्यांचा पुत्र बाजीराव, नातू बाळाजी बाजीराव, आणि त्या बाळाजीचा ज्येष्ठ पुत्र विश्वासराव. पुढे रघुनाथरावांच्या पुत्राला पुन्हा आजोबांचे, म्हणजे बाजीराव हे नाव मिळाले. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाल्यावर १७७४ मध्ये जन्मलेल्या त्यांच्या पुत्राचे नाव दिवंगत चुलत्यावरून माधवराव ठेवण्यात आले.

भोसले घराण्यात ही गोष्ट याहून ठळकपणे दिसते. शिवाजी महाराजांचे वडील बंधू संभाजी कनकगिरीच्या लढाईत मारले गेले. १६५७ मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या पुत्राचे नाव महाराजांनी संभाजी ठेवले. त्या संभाजीराजांनी आपल्या मुलाला आजोबांचे नाव दिले. इतिहास ज्यांना छत्रपती शाहू म्हणून ओळखतो त्यांचे मूळ नाव शिवाजी होते. राजाराम महाराज आणि ताराबाई यांच्या पुत्राचे नावही शिवाजीच. म्हणजे १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर जो वारशाचा झगडा उभा राहिला, त्यात दोन्ही पक्षांचे वारस मुळात एकाच नावाचे होते. नाव हा येथे वारशाचा दावा होता. दत्तकविधानात हे अधिक उघड होते. १८७५ मध्ये बडोद्यास दत्तक गेलेले गोपाळराव हे सयाजीराव झाले आणि १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले यशवंतराव घाटगे हे शाहू झाले.

या रूढीतून घरात एक अडचण उत्पन्न होत असे. सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारावयाचे नाही. मग त्याच नावाच्या मुलाला हाक कशी मारावी? बाळ, नाना, तात्या, आबा, अण्णा, भाऊ या टोपणनावांच्या विपुलतेचे एक कारण हेच असावे. बाळाजी बाजीराव नानासाहेब म्हणून प्रसिद्ध, तर बाळाजी जनार्दन भानू हे नाना फडणवीस म्हणून. त्यांच्याही आजोबांचे नाव बाळाजी होते. लोकमान्य टिळकांचे पाळण्यातले नाव केशव, पण घरातले 'बाळ' हे संबोधनच जगाने स्वीकारले.

एकच देव, अनेक रूपे

वारकरी संप्रदायाने देवाची नावे सर्व जातींत नेली. निवृत्ती, सोपान, ज्ञानदेव, नामदेव, तुकाराम ही नावे मराठवाड्यातील व देशावरील खेड्यांत आजही भेटतात. नामदेवांच्या चार मुलांची नावे परंपरेने नारा, विठा, गोंदा आणि महादा अशी सांगितली आहेत. नारायण, विठ्ठल, गोविंद आणि महादेव यांची ही घरगुती रूपे. ती शिंप्याच्या घरात प्रेमाने उच्चारली जात. तीच रूपे वाड्याच्या अंगणात उच्चारली की त्यांचा सूर पालटे. रघुनाथपंत, रघुनाथराव, रघोबा, रघू आणि रघ्या ही व्याकरणदृष्ट्या एकाच नावाची रूपे होत, पण कोणाला कोणते रूप मिळेल हे जात व सत्ता ठरवीत असे. भीमा कोरेगावच्या स्तंभावरील नावे या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. १८१८ च्या लढाईत पडलेल्या सैनिकांच्या त्या यादीत अनेक नावांच्या अखेरीस 'नाक' हे पद येते, आणि तेवढ्यावरून ते महार होते हे अभ्यासकांना ओळखता येते.

दगडू, धोंडू, केरबा, भिकाजी यांसारख्या नावांचे कारण निराळे. आधीची मुले दगावलेल्या घरात, मृत्यूची नजर जाऊ नये म्हणून मुद्दाम टाकाऊ नाव ठेवीत. अशी नावे जातीच्या उतरंडीत सर्वत्र होती. महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो होते हे विसरू नये. मनूने ज्याला जुगुप्सित म्हटले असते असे नाव येथे आईने मायेपोटी निवडलेले असे. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये ज्या अडीचशेहून अधिक 'नकुशां'ची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली, त्यांच्या नावामागे मात्र ही माया नव्हती.

नवी 'जुनी' नावे

विसाव्या शतकात नावांचा साठा झपाट्याने बदलला. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली आणि १९१५ मध्ये मस्कीचा शिलालेख सापडून त्यातील राजा अशोकच असल्याचे निश्चित झाले. त्यानंतरच्या पिढ्यांत घरोघरी दिसणारा 'अशोक' हा अर्थातच आजोबांकडून आलेला नव्हता. तो इतिहासाच्या पुस्तकातून आला. शिवाजी हे नाव तर राजघराण्याबाहेर सामान्य मराठी घरांत, महाराष्ट्राबाहेरही पोचले. १९५० मध्ये बंगळुरूच्या मराठी कुटुंबात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड पुढे रजनीकांत म्हणून प्रसिद्ध झाले.

सर्वांत अर्थपूर्ण बदल १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घडला. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्येच मुंबईतील आपल्या महाविद्यालयाला सिद्धार्थ हे नाव दिले होते. दीक्षेनंतर सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद ही नावे वस्त्यावस्त्यांतून ठेवली गेली. आजोबांचे नाव नातवाला देणे ही ज्यांच्यासाठी अवहेलनेची परंपरा पुढे चालवणे ठरले असते, त्यांनी एकदम दोन सहस्रकांपूर्वीचे आजोबा निवडले. माझ्या मते मराठी नामकरणाच्या इतिहासातील ही सर्वांत धीट निवड होय.

आणि ही नावे तेथेच थांबली नाहीत. सिद्धार्थ आणि राहुल पाहता पाहता सर्व जातींचे झाले. मिलिंदाचा प्रवास तर गमतीचा आहे. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा. बौद्ध परंपरेत तो भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिनँडर. एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोन मिलिंदांपैकी एकाच्या घरी भुंगा आणि दुसऱ्याच्या घरी राजा अभिप्रेत असे.

शासनाच्या दप्तरातही नावाची घडण बदलत आहे. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे महाराष्ट्रातील शासकीय कागदपत्रांत आधी आईचे, मग वडिलांचे नाव व आडनाव लिहिणे बंधनकारक झाले आहे. पतंजलीच्या याज्ञिकांना आईचे नाव सुचले नव्हते.

महाविद्यालयाचा हजेरीपट पाहिला तर विठ्ठल, पांडुरंग, धोंडिराम ही नावे आता वडिलांच्या रकान्यात सापडतात. मुलांच्या रकान्यात मल्हार, वेदांत, ओंकार, सिद्धार्थ येतात, आणि त्या पहिल्या नावावरून जात सांगणे अवघड झाले आहे. ज्यांना ती जाणून घ्यायची असते ते हल्ली नाव ऐकून घेतात आणि क्षणभर थांबून आडनाव विचारतात.