व्हीपीएन चालू होतं, तरी नेटवाल्याला कळलं कसं?

आजचा भाग नेटच्या इतिहासाचा आहे, पण सुरुवात करू आमच्या वैरागच्या घरातल्या ओट्यावरून.

२०२० चा लॉकडाऊन. पुण्यातली खोली सोडून मी वैरागला आलो होतो. कामासाठी घरी ब्रॉडबँड घेतलं. आमचा नेटवाला म्हणजे कुणी परका नाही. सगळी गल्ली ओळखणारा, येता-जाता चहा घेणारा माणूस. त्या दिवसांत मला झोप लागत नव्हती, उगाच छातीत धडधडायचं. रात्री लॅपटॉपवर व्हीपीएन लावून मी सोलापुरातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांची वेबसाइट दोन-तीनदा उघडली. घरी कुणालाच बोललो नव्हतो. आठवड्याभराने नेटवाला बिल घ्यायला आला, ओट्यावर टेकला आणि म्हणाला, ‘‘काय ओ इंजिनिअर, तब्येत बरी हाय न्हवं? सोलापूरला जायाचं असलं तर सांगा, पासचं बघतो.’’

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आई चहाचा कप घेऊन दारातच उभी होती.

आता प्रश्न असा, की व्हीपीएन चालू असताना त्याला कळलं कसं? त्यासाठी जरा मागं जाऊ.

आमचे आजोबा ट्रंक कॉलच्या गोष्टी सांगायचे. एसटीडी येण्याआधी बाहेरगावी फोन करायचा तर ऑपरेटरला नंबर सांगून कॉल बुक करावा लागे. ऑपरेटरनं बोलणं ऐकलं नाही, तरी कुणी कुणाला फोन लावला हे त्याला कळायचंच. इंटरनेटवर हे ऑपरेटरचं काम करतो डीएनएस. तुम्ही साइटचं नाव टाकता आणि तो त्या नावाचा नंबर, म्हणजे आयपी पत्ता, शोधून देतो.

सुरुवातीला हा ऑपरेटरही नव्हता. अमेरिकेतल्या अर्पानेटवर सगळ्या कॉम्प्युटरांची नावं एकाच फाइलमध्ये असायची. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती यादी सांभाळायचा आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. कॉम्प्युटर वाढले तशी यादी आवरेना. म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली: एक मोठी यादी ठेवण्याऐवजी ज्याची नावं त्यानं सांभाळायची. हीच रचना आजही चालू आहे. फक्त त्यात प्रश्न उघडा जायचा, पोस्टकार्डासारखा. तेव्हा नेटवर होती विद्यापीठं आणि संशोधन संस्था, लपवायचं कुणापासून?

या गोष्टीत आपली मुंबईही आहे बरं का. १९८६-८७ च्या सुमारास जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात ईमेल सुरू झाली. १९८९ मध्ये भारताच्या वाट्याला ‘डॉट इन’ आलं, आणि पुढची पंधरा वर्षं त्या नावांची वही जुहूच्या एनसीएसटीतच सांभाळली गेली. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं केलं. पोस्टकार्ड मात्र उघडंच राहिलं.

व्हीपीएन आलं ते वेगळ्याच कामासाठी. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गुरदीपसिंग पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीपीटीपी ही पद्धत तयार केली. हेतू एवढाच, की घरी बसलेल्या कर्मचाऱ्याला ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येता यावं. गुपचूप ब्राउझिंगसाठी लोक त्याच्याकडे नंतर वळले. आणि २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी सरकारी पाळतीची कागदपत्रं बाहेर काढल्यावर तर हा विषय घराघरात पोचला.

आता मेख बघा. व्हीपीएन हा बोगदा आहे. साइटचा मजकूर बोगद्यातून जातो. पण नाव विचारणारा प्रश्न कुठून पाठवायचा हे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. विंडोज १० ला घाई फार: वायफाय असो की व्हीपीएन, ती सगळ्या वाटांनी एकदम विचारायची आणि जे उत्तर आधी येईल ते घ्यायची. म्हणजे माझा प्रश्न बोगद्यातूनही गेला आणि नेटवाल्याच्या राउटरकडेही. हाच डीएनएस लीक. २०१५ च्या अखेरीस ओपनव्हीपीएननं हे बंद करायची सोय दिली, पण ती सेटिंगमध्ये लिहावी लागते. माझ्या फाइलमध्ये ती ओळच नव्हती! बीटेक केलेल्या माणसाची ही गत.

तपासायचं कसं? व्हीपीएन लावा आणि ‘डीएनएस लीक टेस्ट’ शोधा. ती साइट तुमच्या ब्राउझरला आधी कुणीच न विचारलेली, तिथल्या तिथं बनवलेली नावं विचारायला लावते. ती नावं फक्त तिच्याच सर्व्हरला माहीत असतात, त्यामुळे प्रश्न घेऊन तिच्या दारात कोण आलं हे तिला दिसतं. यादीत तुमच्या सिमकार्डच्या किंवा ब्रॉडबँडच्या कंपनीचं नाव दिसलं, तर गळती आहे. ही टेस्ट आधी व्हीपीएन बंद ठेवून आणि मग चालू करून, अशी दोनदा करा. फरक लगेच कळतो.

थांबवायचं कसं? अँड्रॉइडवर व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये दोन बटणं आहेत: व्हीपीएन कायम चालू ठेवणारं आणि व्हीपीएनशिवाय नेट अडवणारं. दोन्ही लावा. मग आयपीव्ही६ बघा. जिओसारख्या नेटवर्कवर ते सर्रास असतं, आणि व्हीपीएन फक्त जुना आयपीव्ही४ सांभाळत असेल तर प्रश्न बाजूने निसटतात. २०१८ मध्ये अँड्रॉइड ९ बरोबर ‘प्रायव्हेट डीएनएस’ आलं, म्हणजे पोस्टकार्डाला अखेर पाकीट मिळालं. पण नुसत्या पाकिटावर विसंबू नका. व्हीपीएन नसेल तर तुम्ही कुठल्या साइटला जोडलात हे कंपनीला इतर खुणांवरूनही कळू शकतं. आणि ही बटणं लावली म्हणजे विषय संपला असंही नाही. २०२४ मध्ये मुलवाड या व्हीपीएन कंपनीनं दाखवून दिलं, की ती लावूनही, व्हीपीएन ॲप मध्येच बंद पडलं किंवा नव्यानं जुळत असलं, की अँड्रॉइडमधून काही प्रश्न बाहेर सुटतात. म्हणून फोन किंवा ॲप अपडेट झालं की टेस्ट पुन्हा करा.

अजून एक. गळती थांबली म्हणजे ऑपरेटर नाहीसा होत नाही, तो बदलतो. आता तुमचे प्रश्न व्हीपीएन कंपनीकडे जातात. एप्रिल २०२२ मध्ये भारताच्या सर्ट-इननं व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांचं नाव-पत्ता पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी इथले सर्व्हर हलवले. फुकटचं ॲप टाकताना एवढा विचार कराच, की माझी वही मी कुणाच्या हातात देतोय?

त्या दिवशी संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. दोन दिवसांनी तिनंच डॉक्टरांना फोन लावायला लावला. म्हणजे शेवट गोड झाला, मान्य. पण माझ्या आईला कधी आणि कसं सांगायचं हे मी ठरवायचं होतं, माझ्या राउटरनं नाही. आणि त्या जागी सासरी नवीन आलेली मुलगी असती, किंवा मालकाला न सांगता दुसरी नोकरी शोधणारा पोरगा असता, तर शेवट एवढा गोड झाला असता का?

तेव्हा हा भाग संपला की लगेच टेस्ट करा, दोन मिनिटांचं काम आहे. काय निघालं ते मला कळवा. साइटचं नाव नका सांगू, बरं का! भेटू पुढच्या भागात.