मिठापेक्षा भाडे भारी

बंगालच्या दाराशी समुद्र आहे. मेदिनीपूर, तामलुक, हिजली या पट्ट्यात मलंगी म्हणून ओळखले जाणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या मीठ शिजवत आले होते. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या घाऊक बाजारात जे मीठ विकले जाई, त्यातले बहुतेक इंग्लंडमधल्या चेशायर परगण्याचे असे. लिव्हरपूलला जहाजात भरलेले हे मीठ, सुएझ कालवा होण्याआधी तर आफ्रिकेला वळसा घालून, हुगळीच्या धक्क्यावर उतरे. मिठाइतकी स्वस्त आणि मिठाइतकी जड वस्तू अर्धी पृथ्वी ओलांडून आणायची आणि समुद्रकाठच्याच माणसांना विकायची, हे परवडते कसे? या प्रश्नामागे गेले की मिठाच्या भावाची सगळी कुळकथा हाती लागते. घाऊक बाजारात मिठाचा म्हणून जो भाव बोलला जातो, त्यात खुद्द मिठाचा वाटा सर्वांत लहान असतो. बाकीचा भाव वाहतुकीचा आणि कराचा.

आधी मीठ पिकते कसे ते पाहू, कारण पुढचा सारा व्यवहार त्यावर उभा आहे. कोकणातल्या आगरात उधाणाचे पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घेतात आणि उथळ वाफ्यांतून टप्प्याटप्प्याने पुढे सरकवत उन्हात आटवतात. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले सुमारे २७ ग्रॅम आपले खाण्याचे मीठ. पाणी आटून मूळच्या दहाव्या हिश्शाइतके उरले की मीठ धरू लागते. जिप्सम त्याआधीच्या वाफ्यांत बसून गेलेले असते. आणि शेवटचे पाणी वेळेवर काढून टाकले नाही, तर मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरतात. मग मीठ कडवट लागते, पावसाळ्यात पाझरते. ती वेळ नेमकी ओळखणे हे आगरी माणसाचे कसब. यात जळण लागत नाही. बांधबंदिस्ती, अंगमेहनत आणि ऊन एवढ्यावर मीठ तयार होते, म्हणून जागेवर ते अगदी स्वस्त पडते.

बंगालमध्ये ही सोय नाही. गंगेचे गोडे पाणी किनाऱ्याचा खारेपणा पातळ करते आणि हवा दमट असते. म्हणून मलंगी खारी माती खरवडत, ती पाण्याने धुऊन त्या पाण्याचा अर्क काढत आणि तो मातीच्या भांड्यांत उकळत. त्यातून बारीक, पांढरे मीठ निघे, ज्याला तिथे पांगा म्हणत. उन्हात पिकवलेल्या जाड्या मिठाला, म्हणजे करकचला, बंगाली घरात तेवढा मान नव्हता. ही आवड पुढे इंग्रज व्यापाऱ्याच्या फार कामी आली, कारण चेशायरचे मीठही खारे पाणी उकळूनच बनवलेले, तसेच बारीक आणि पांढरे होते.

१७६५ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हने ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांची एक व्यापारी मंडळी उभी करून मीठ, सुपारी आणि तंबाखू यांचा मक्ता तिच्याकडे दिला. ती फार टिकली नाही. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने मिठाचे उत्पादन कंपनीच्या ताब्यात घेतले आणि १७८० मध्ये किनारपट्टीवर मिठाचे एजंट नेमले. मलंगीने शिजवलेले सगळे मीठ ठरलेल्या दराने कंपनीला घालायचे. दुसऱ्याला विकले तर गुन्हा. कंपनी ते कलकत्त्यात लिलावाने विके. लिलावात किती मीठ काढायचे हे कंपनी ठरवी आणि ते मुद्दाम बेताचेच काढी. बडे व्यापारी ते उचलून कोठारांत दाबून धरत. भावाचा आणि पिकाचा संबंध तिथे तुटला. आजही घाऊक बाजारातल्या साठेबाजीबद्दल बोलताना आपण व्यापाऱ्याकडे बोट दाखवतो. बंगालच्या मिठात साठेबाजीचा धडा प्रत्यक्ष सरकारने घालून दिला होता, हे विसरता कामा नये.

इकडे चेशायरमध्ये १६७० साली नॉर्थविचजवळ मार्बरीच्या जमिनीत कोळशासाठी भोके पाडताना खाली दगडी मिठाचा थर लागला. खारे झरे तिथे रोमन काळापासून माहीत होते, पण हा साठा अफाट निघाला. १७३२ पर्यंत वीव्हर नदी होड्यांना चालण्याजोगी करून घेतली गेली. लँकेशायरचा कोळसा होड्यांतून वर यायचा, त्यावर खारे पाणी उकळायचे आणि त्याच होड्या मीठ घेऊन लिव्हरपूलकडे उतरायच्या. दोन्ही खेपा भरलेल्या असल्याने भाडे निम्म्यावर येई.

हाच हिशेब महासागरावर लागू झाला. कलकत्त्याहून इंग्लंडला ताग, तांदूळ, जवस असा जागा खाणारा माल जाई. इंग्लंडहून येणारे कापड आणि यंत्रे त्या मानाने थोड्या जागेत मावत. म्हणजे येताना जहाज अर्धे रिकामे, आणि रिकामे जहाज समुद्रात डोलते. तळाला वजन हवेच. दगड-वाळू भरण्यापेक्षा मीठ भरले तर नाममात्र का होईना, भाडे सुटते. म्हणून लिव्हरपूल ते कलकत्ता हे भाडे इतके उतरे की मेदिनीपूरच्या मलंगीला आपल्याच जिल्ह्यात ते मीठ मागे टाकी. १८३६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने कंपनीच्या मक्त्याची चौकशी केली; चेशायरच्या कारखानदारांचा रेटा त्यामागे होता. लिलाव बंद झाले, परदेशी मिठावर देशी मिठाइतकाच कर ठेवला गेला. समान कर हे वरवर न्यायाचे वाटते. पण एकाचे भाडे दुसऱ्याच्या तागाने भरलेले असताना ती समानता मलंगीच्या गळ्याशी आली. १८६३ मध्ये सरकारने बंगालमधले मीठ उत्पादन गुंडाळले. हजारो कुटुंबांचा धंदा बुडाला आणि त्याची नोंद महसुलाच्या अहवालात काटकसर म्हणून झाली.

परतीच्या खेपेचे हे गणित आपल्याकडे अनोळखी नव्हते. देशावरून धान्य घेऊन बंजाऱ्यांचे तांडे घाट उतरत आणि बैलांच्या पाठीवर मीठ लादून वर चढत. कोकणातल्या कोणत्या बंदरावर तांडा उतरायचा, हे तिथल्या मिठाच्या भावावर ठरे. आणि मीठ जिथे घ्यायचे तिथेच धान्य विकायचे, म्हणजे बाकीची उलाढालही त्याच बंदराकडे जायची.

शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलेले पत्र या दृष्टीने वाचावे. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या बारदेशचे मीठ स्वस्त, संगमेश्वराकडचे महाग. महाराज सांगतात की दोन्हीकडचे भाव काय पडतात ते नीट पाहा आणि बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवा, की ते संगमेश्वराच्या मिठापेक्षा महाग पडेल; नाहीतर व्यापारी सगळे तिकडे वळतील आणि आपली बंदरे ओस पडतील. या पत्राचा मोठेपणा सांगताना आपण स्वदेशीच्या अभिमानावर थांबतो. मला त्यातला हिशेब जास्त मोलाचा वाटतो. जकात किती, याचा आकडा पत्रात ठरवून दिलेला नाही. दोन बाजारांतल्या भावाचा फरक काढून त्यावर ती बेतायला सांगितली आहे. आयात करामागचे आजचे तत्त्व यापेक्षा वेगळे नाही. आणि ती जकात मुळात आपली बंदरे आणि त्यांवरचा व्यापार राखण्यासाठी होती.

इंग्रजांनी हेच हत्यार तिजोरी भरण्यासाठी चालवले. मुंबई इलाख्यात १८३७ मध्ये मिठावर मणाला ८ आणे कर आला. १८४४ मध्ये तो एकदम १ रुपया झाला. सुरतेत लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा तो १२ आण्यांवर आणावा लागला. पुढे तो चढतच गेला आणि १८६९ मध्ये १ रुपया १३ आणे झाला. बंगालमध्ये तेव्हा ३ रुपये ४ आणे होता. मण म्हणजे सुमारे ३७ किलो, आणि तेवढे मीठ आगरावर काही आण्यांत तयार होत होते.

एका इलाख्यात कर कमी, दुसऱ्यात जास्त, म्हटल्यावर मीठ स्वस्त भागातून महाग भागात जाणारच. मुंबई इलाख्याचे आणि राजपुतान्याचे मीठ उत्तरेत शिरू नये म्हणून सरकारने सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैलांची नाकेबंदी केली. १८६९ च्या सुमारास तिच्यावर जवळपास १२,००० माणसे पहारा देत होती. तिच्या मोठ्या भागावर, पंजाबातल्या लैयापासून थेट तापीकाठच्या बऱ्हाणपुरापर्यंत, जिवंत झाडांचे कुंपण वाढवले होते: बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर. काही ठिकाणी ते १४ फूट उंच आणि १२ फूट जाड होते. ज्या झाडांनी आपले शेतकरी गुरांपासून शेत राखत, त्यांनी सरकार माणसांपासून मीठ राखत होते. कुंपणाला काळजीने जोपासणारा आयुक्त ॲलन ऑक्टाव्हियन ह्यूम, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा तोच ह्यूम. १८७० च्या आसपास सांभर सरोवर सरकारने जयपूर-जोधपूरकडून भाडेपट्ट्याने घेतले, मिठाच्या उगमावरच ताबा आला आणि १८७९ मध्ये ही नाकेबंदी उठली. १८८२ मध्ये जवळजवळ सर्व देशात मणाला २ रुपये असा एकच कर झाला.

चेशायरलाही या धंद्याची किंमत मोजावी लागली. जमिनीखालचे खारे पाणी उपसून उपसून पोकळ्या झाल्या आणि नॉर्थविचमध्ये घरे, दुकाने खचू लागली. पुढे तिथे इमारती अशा बांधू लागले की जमीन खचली तर उचलून सरळ करता याव्यात. १८८८ मध्ये ६४ कारखानदार एकत्र येऊन सॉल्ट युनियन ही कंपनी निघाली. भाव चढवणे हाच तिचा उद्देश. पण भाव चढताच कलकत्त्यात हॅम्बुर्ग, पोर्ट सैद, एडन इथले मीठ शिरले. १८८६ पासून एडनला एका इटालियन कंपनीने आगर घातले होते. तिथे ऊन भरपूर, पाऊस नाही, आणि पूर्वेकडे जाणारी जहाजे दारावरून जातात. मक्तेदारी तोडणारे मीठ पुन्हा वाटेवरचेच निघाले.

१९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळातल्या पहिल्याच अर्थसंकल्पी भाषणात मिठावरच्या करावर हल्ला चढवला. कर तेव्हा अडीच रुपये मण होता. १९०३ मध्ये तो २ रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये १ रुपया झाला, आणि दर उतरणीबरोबर मिठाचा खप वाढत गेला. म्हणजे आधी लोक मीठ कमी खात होते. चहा किंवा कापड कमी वापरणे वेगळे. उन्हात राबणाऱ्या माणसाने आणि त्याच्या जनावराने मीठ कमी खाणे वेगळे. गोखल्यांच्या आकडेवारीत ही भूक दिसते, म्हणून ती भाषणे मला आजही जिवंत वाटतात.

१९३० चा सत्याग्रह, दांडी, धारासणा, वडाळा, शिरोडा हे सर्वांना माहीत आहे. त्याच्या पुढच्या वर्षी घडलेली गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९३१ मध्ये सरकारने परदेशी मिठावर मणाला साडेचार आणे जादा आयात कर बसवला. एडन तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असल्याने तिथल्या मिठाला तो लागू नव्हता. लिव्हरपूल आणि हॅम्बुर्गचे मीठ कलकत्त्यातून हटू लागले. एडन, ओखा, कराची यांचे वाढू लागले. दोन बाजारांतला फरक बघून कर बेतायचा, हे १६७१ चेच गणित होते. १९४७ मध्ये मिठावरचा कर गेला. फाळणीत खेवड्याच्या मिठाच्या खाणी पाकिस्तानात गेल्या, काही वर्षे मीठ आयात करावे लागले आणि १९५३ मध्ये देश मिठाबाबत स्वयंपूर्ण झाला.

आज वारे उलटे वाहते. कच्छचे मीठ कांडल्याहून चीन, कोरियाकडे जाते. त्याचे मोठे गिऱ्हाईक स्वयंपाकघर नाही, कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन बनवणारे कारखाने आहेत. स्पर्धा पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या डँपियरशी आणि मेक्सिकोतल्या गेरेरो नेग्रोशी. गेरेरो नेग्रोचे प्रचंड आगर १९५४ मध्ये डॅनियल लुडविग याने उभे केले, आणि तो जहाजमालक होता. तिथली खाडी उथळ, म्हणून मीठ तराफ्यांवरून सेद्रोस बेटाला नेतात आणि तिथल्या खोल पाण्यात मोठ्या जहाजांवर भरतात. जपानचे कारखाने हे मीठ घेतात. अशा मालात टनामागे भाड्याचे काही डॉलर खालीवर झाले की सौदा एका खंडातून दुसऱ्या खंडात जातो.

कोकणातल्या आगरांपुढे आणखी एक नाका आला. गलगंडाच्या प्रतिबंधासाठी आयोडिन नसलेले खाण्याचे मीठ विकायला केंद्राने १९९८ मध्ये बंदी घातली, २००० मध्ये ती उठवली आणि २००६ मध्ये पुन्हा आणली. हेतू योग्यच आहे. आयोडिनअभावी मुलांची वाढ खुंटते हे वादातीत आहे. पण आयोडिन मिसळण्याचे यंत्र, तपासणी आणि पाकीट यांचा खर्च मोठ्या कारखान्याला टनांवर वाटून जातो, पेण-उरणकडच्या छोट्या आगराला तो पेलत नाही. मुंबईत वडाळा, भांडुप, मुलुंडची मिठागरे तर मिठापेक्षा जमिनीच्या भावासाठीच बातम्यांत येतात. रायगडचे खडे मीठ सुक्या मासळीला, बर्फाच्या कारखान्यांना, माडाच्या आळ्यात घालायला जाते. गुजरातचे आयोडिनयुक्त मीठ रेल्वेच्या सवलतीच्या दराने देशभर पोचते. त्यासाठी आख्खी मालगाडी भरेल एवढा माल एकदम द्यावा लागतो, आणि कोकणातल्या आगराचा माल ट्रकनेच निघतो.