लिमिटरचा इतिहास आणि काठीचा ढोल

इतिहासाचं व्याख्यान म्हणून तुम्ही आलात आणि मी लिमिटरवर बोलणार आहे, तेव्हा आधी थोडा खुलासा करतो. आवाजाची पातळी एका ठरवलेल्या मर्यादेवर जाऊ न देणारी यंत्रणा म्हणजे लिमिटर. मर्यादा ओलांडू पाहणारा आवाज तो क्षणभर दाबतो आणि मग सोडून देतो. पूर्वी हे काम करायला लोखंडी खोकं लागायचं. आज ते संगणकातल्या प्लगइनमध्ये होतं. नंदुरबार, शहादा, नवापूरच्या घराघरांत आज अहिराणी, रोडाली, टिमली गाणी तयार करणारी जी पोरं आहेत, त्यांच्या लॅपटॉपवर मास्टरिंगच्या साखळीत सगळ्यात शेवटी हेच प्लगइन बसलेलं असतं.

सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी मी अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी रेकॉर्ड करायला गेलो होतो. तुम्हाला माहीतच आहे, तिथं रात्रभर ढोल वाजतात, अंगावर राखेची नक्षी काढलेले, कमरेला घुंगरं बांधलेले बुध्या नाचतात, आणि होळी पेटते ती पहाटे. घरी येऊन मी त्या रेकॉर्डिंगवर लिमिटर लावला आणि आवाज १२ डेसिबल चढवला. मोबाईलवर दणदणीत वाजलं. खूश झालो, आणि जागा अडते म्हणून मूळ फाइल पुसून टाकली.

महिन्याभरानं हेडफोन लावून ऐकलं, तेव्हा चूक कळली. ढोलाचा ठोका पडला की बासरी बुडायची, हळूहळू वर यायची, पुन्हा ठोका, पुन्हा बुडायची. त्याहून वाईट म्हणजे डोंगरातून ढोलांचा ताफा लांबून जवळ येत गेला होता, आणि ते ‘जवळ येणं’च रेकॉर्डिंगमधून गेलं होतं. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत एकच पातळी. ती रात्र आता परत मिळायची नाही. तेव्हा प्रश्न पडला, की हे साधन मुळात बनवलं कशासाठी?

उत्तरासाठी अमेरिकेतल्या १९३० च्या दशकातल्या रेडिओकडे जावं लागतं. मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमीजास्त होते. या बदलाला १०० टक्क्यांची हद्द असते. गायकानं अचानक वरचा सूर लावला आणि ती हद्द ओलांडली गेली, तर आवाज फाटतो आणि शेजारच्या केंद्राच्या प्रक्षेपणातही खरखर शिरते. माणूस हातानं बटण फिरवून किती सांभाळणार? म्हणून १९३७ च्या सुमारास वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा ११०-ए हा अॅम्प्लिफायर आला. तो हे काम आपोआप करायचा.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. शिखरं आटोक्यात राहिली की बाकीचा सगळा आवाज वर उचलता येतो. सरासरी पातळी ३ डेसिबलनं वाढली, तर केंद्राची शक्ती दुप्पट केल्यासारखा लाभ होतो. लांबच्या गावातल्या श्रोत्याला ते केंद्र जास्त स्पष्ट ऐकू येतं. म्हणजे राखण करणं आणि आवाज मोठा करणं, या दोन्ही गोष्टी लिमिटरमध्ये अगदी जन्मापासून आहेत. पुढचा सगळा इतिहास या दोघांच्या ओढाताणीचा आहे.

रेडिओनंतर पाळी आली तबकडीची. तबकडीवर खाच कोरताना आवाजाचा झोका फार मोठा झाला, तर एक खाच शेजारच्या खाचेला भिडते आणि घरी सुई उडते. १९५० च्या दशकाच्या शेवटी राईन नार्मा या एस्टोनियात जन्मलेल्या इंजिनिअरनं बनवलेला फेअरचाइल्ड ६७० आला. त्यात २० व्हॉल्व्ह, आणि वजन सुमारे ३० किलो. आज त्याच्या नकला प्लगइन म्हणून मिळतात. पुढे १९६७ मध्ये बिल पुटनम यांचा ट्रान्झिस्टरवर चालणारा ११७६ आला. तो एका सेकंदाच्या ५० हजाराव्या भागात प्रतिसाद देऊ शकायचा.

तरीही या सगळ्या खोक्यांची एक अडचण होती. आवाज आत आल्याशिवाय तो मोठा आहे हे त्यांना कळायचं नाही. टिपरू कातड्यावर आदळतं तो पहिला ‘टक्’ निसटून जायचा. ही अडचण संगणकानं सोडवली. आवाज काही मिलिसेकंद थांबवून ठेवायचा, पुढे काय येतंय ते आधी बघायचं, आणि शिखर यायच्या आतच पातळी उतरवायची. यालाच लुक-अहेड म्हणतात. १९९४ मध्ये आलेला वेव्हज कंपनीचा एल-१ हा अशा प्लगइनांतला सुरुवातीचा गाजलेला. आता शिखर निसटायचं नाही. पण त्यामुळे मोहही वाढला, कारण आवाज किती चढवायचा याला धरबंधच उरला नाही.

१९८२ पासून सीडी बाजारात होती. डिजिटल आवाजाला शून्य डेसिबलचं कठीण छत असतं, त्याच्या वर जागाच नसते. मग त्या छताला सगळं गाणं चिकटवायची शर्यत लागली. २००८ मध्ये मेटॅलिका या बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बम आला, तेव्हा श्रोत्यांच्या ध्यानात आलं की तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेली आणि म्हणून जास्त चांगली ऐकू येतात. श्रोत्यांनी उघड तक्रार केली.

तोडगा निघाला मोजमापातून. कानाला आवाज किती मोठा वाटतो, ते मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत २००६ मध्ये ठरली आणि २०१० मध्ये युरोपातल्या प्रक्षेपकांनी तिच्यावर आधारलेला नियम केला. हे एकक म्हणजे एलयूएफएस. आज स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर आणून वाजवतं, यूट्यूबही मोठी गाणी खाली उतरवतं. म्हणजे तुम्ही उणे ८ पर्यंत दाबून नेलंत, तर तिथं ते ६ डेसिबल खाली येणार. मोठेपणा जातो, दाबल्याच्या खुणा तेवढ्या राहतात.

आता तुम्ही म्हणाल, सर, लग्नाच्या वरातीत बँडच्या गाडीवर कुठलं स्पॉटिफाय? बरोबर आहे. तिथं पेन ड्राइव्हवरून एकामागून एक गाणी वाजतात आणि आपलं गाणं आधीच्यापेक्षा बारीक वाटलं तर लोक ते बदलायला लावतात. म्हणून मी भांडत नाही. दोन मास्टर करा. एक गाडीसाठी, एक ऑनलाइनसाठी.

लिमिटर निवडताना नावावर जाऊ नका. लाऊडमॅक्स फुकट मिळतो, फॅबफिल्टरचा प्रो-एल २ विकत घ्यावा लागतो. दोन्हींनी चांगलं काम होतं आणि दोन्हींनी गाणं मारताही येतं. बघायचं ते असं. एक, ट्रू पीक मोजतो का? डिजिटल नमुन्यांच्या मधलं शिखर साध्या मीटरला दिसत नाही. एमपी-३ करताना शिखरं आणखी थोडी वाढतात, म्हणून छत उणे १ वर ठेवा. दोन, रिलीज, म्हणजे दाबलेला आवाज सोडायला लागणारा वेळ, आपल्याला बदलता येतो का? ५० हर्ट्झच्या ढोलाची एक लहर २० मिलिसेकंदांची. रिलीज त्याहून कमी ठेवलात तर लिमिटर लहरीच्या आतच खालीवर करतो आणि ढोल फाटका वाजतो. फार लांबवलात तर माझ्यासारखी बासरी बुडते. तीन, लिमिटर लावलेला आणि न लावलेला आवाज सारख्याच पातळीवर आणून तुलना करता येते का? कारण जे मोठं, ते कानाला चांगलंच वाटतं.

आणि सगळं ओझं शेवटच्या लिमिटरवर टाकू नका. मिक्स करतानाच ढोलाच्या ट्रॅकवर वेगळा लिमिटर लावून दोन-तीन डेसिबल शिखरं उतरवा, म्हणजे शेवटी बासरीला हात लावावा लागत नाही. काठीसारखं एकच रेकॉर्डिंग असेल, तर पातळी हातानं हळूहळू सावरा. वेळ लागतो, पण लांबून येणारा ढोल लांबूनच येतो.

ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणातला भिल्ल भाषा आणि खानदेशीचा खंड १९०७ मध्ये छापला गेला. त्यानं आपल्याकडचे शब्द कागदावर ठेवले. ढोल कागदावर राहत नाही. तो ठेवायचं काम आता तुमच्याकडे आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ अशा एका तासाच्या मूळ फाइलला साधारण १ जीबी जागा लागते. तेवढी ठेवा. लिमिटर पुढच्या वर्षी नवा येईल, परवाही येईल, आणि मूळ फाइल असेल तर तो पुन्हा लावता येईल. दाबलेलं मात्र मोकळं करून देणारं प्लगइन मला अजून भेटलेलं नाही.

आता प्रश्न घेऊ या.