गळती कीं भरलेला बंधारा?

नळदुर्गच्या किल्ल्यांत दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या अमदानींत, इ. स. १६१३ मध्यें, बोरी नदीवर बंधारा झाला. पावसाळ्यांत तो भरून नर-मादी धबधबे कोसळूं लागले म्हणजे 'बंधारा गळतो' असें कोणी म्हणत नाहीं. संगणकाच्या स्मृतीविषयीं मात्र नेमका हाच घोटाळा वर्षानुवर्षें होत आला.

तबकडीवरून वाचलेला मजकूर जलद स्मृतींत राखून ठेवण्याची युक्ति युनिक्समध्यें १९७० च्या दशकांतच होती. पुढें लिनक्सनें बहुतेक रिकामी स्मृति या साठ्यास दिली. पाहणारास वाटे, स्मृति गळाली! वस्तुतः मागणी येतांच हा साठा बव्हंशीं मोकळा करतां येतो. खऱ्या गळतींत घेतलेली जागा कोणी परतच करीत नाहीं. हा भेद उमगावा म्हणून 'उपलब्ध स्मृती'चा निराळा आंकडा लिनक्समध्यें २०१४ सालीं आला.

खोळंबा हें दुखणें अधिक बिकट. लिहावयाचा मजकूरही आधीं साठ्यांत थांबतो व सवडीनें तबकडीवर उतरतो. मंद पेनड्राइव्हवर मोठी फाईल उतरवितांना तो तुंबे, आणि त्या पेनड्राइव्हशीं कसलाही संबंध नसलेले प्रोग्रामही अडकून पडत. २०१३ सालीं या गाऱ्हाण्यावर चर्चा झाली, तेव्हां लिनस टॉरवाल्ड्स यांनीं मूळ दाखविलें : तुंबाऱ्याची मर्यादा स्मृतीच्या टक्केवारींत बांधलेली होती, तीही स्मृति थोडक्या मेगाबाइटांची असे त्या काळीं. गिगाबाइटांच्या यंत्रांत त्याच टक्क्यांचा डोंगर झाला होता.