बँक की बैंक? इंग्रजी शब्दांचे मराठी आणि हिंदी लेखन

बालाघाटात एकाच इंग्रजी शब्दाची दोन रूपे नेहमी नजरेस पडतात. गावातल्या पाट्यांवर ‘बैंक’, ‘बस स्टैंड’, ‘मैंगनीज’. नागपूरच्या मराठी वृत्तपत्रांत ‘बँक’, ‘बस स्टँड’, ‘मँगनीज’. हिंदी माध्यमात शिकणारी मुले घरी विचारतात, यांतले बरोबर कोणते? उत्तर असे की दोन्ही बरोबर, आपापल्या भाषेत.

फरकाचे कारण

हिंदीत ‘पैसा’, ‘बैल’ म्हणताना ‘ऐ’चा उच्चार ‘ॲ’जवळ जातो. मराठीत ‘ऐ’ म्हणजे ‘अइ’. हिंदीची मात्रा तशीच घेतली, तर मराठी वाचणारा ‘बइंक’ म्हणेल. म्हणून मराठीत अर्धचंद्र रुळला.

पूर्वीचे लेखन

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी छपाईत ‘म्याजिस्ट्रेट’, ‘ब्यांक’, ‘डाक्टर’ अशी रूपे आढळतात. घरातल्या जुन्या कागदांत ती दिसली, तर चूक समजून दुरुस्त करू नयेत. पुढे ‘ॲ’ आणि ‘ऑ’ इतके स्थिरावले की महाराष्ट्र शासनाने २००९च्या निर्णयात त्यांना वर्णमालेत स्थान दिले.

नेहमीचे शब्द (आधी मराठी, मग हिंदी)

- ट्रॅक्टर – ट्रैक्टर
- ॲडमिशन – एडमिशन
- पोलीस – पुलिस
- तिकीट – टिकट
- रेल्वे – रेलवे
- सायकल – साइकिल
- लायसन्स – लाइसेंस
- पेन्शन – पेंशन

शेवटच्या काही जोड्यांत अर्धचंद्राचा संबंध नाही. ते शब्द प्रत्येक भाषेच्या बोलण्यात जसे रुळले, तसे लिहिले गेले. मराठीत ते आपल्या व्याकरणानेही चालतात: पोलीस – पोलिसांनी, तिकीट – तिकिटाला.

टंकलेखन

‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी ‘ए’वर चंद्र असलेले ‘ऍ’ वापरावे लागे. म्हणून ‘ऍप’ आणि ‘ॲप’ ही दोन्ही रूपे आजही दिसतात. मराठीत ‘ॲप’ लिहावे.

व्यवहारात

शाळेची उत्तरपत्रिका आणि इथल्या कार्यालयांतला हिंदी अर्ज हिंदी वळणाने लिहावा. मंडळाची सूचना, लग्नपत्रिका, नातेवाइकांचे पत्र मराठी वळणाने. मुलाने घरी ‘बैंक’ लिहिले तर रागावू नये; तो शब्द मोठ्याने वाचून घ्यावा. दोन्ही भाषांतला फरक त्याच्या कानालाच कळेल.