ऑप्शन ४३ची वंशावळ

कान्हे फाट्यावरून आत वळून इंद्रायणी ओलांडली की टाकवे बुद्रुक लागतं. इथल्यासारख्या कारखान्यांच्या उंच शेडमध्ये वायफायचा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे एपी, एकदा छताला टांगला की त्याच्यासाठी पुन्हा शिडी लावायला कुणी राजी नसतं. म्हणून एपीच्या पोटात काही भरून ठेवतच नाहीत. वायफायचं नाव, पासवर्ड, चॅनेल, सगळं कंट्रोलर पाठवतो. आता कंट्रोलर मुख्य कचेरीत, पुण्याला किंवा मुंबईला असेल, तर नव्या एपीने मारलेली हाक राउटरपाशीच अडते. पत्ता सांगायचा कुणी? आयपी देणाऱ्यानेच, म्हणजे डीएचसीपी सर्व्हरने. त्याच्या उत्तरात ऑप्शन ४३ नावाचा कप्पा असतो, त्यात हा पत्ता टाकायचा.

या कप्प्याचं मूळ वायफायच्या कितीतरी आधीचं आहे. ऐंशीच्या दशकात डिस्क नसलेले संगणक निघाले. चालू होताना त्यांना आपला आयपीसुद्धा माहीत नसे. १९८४चा आरएआरपी हा प्रोटोकॉल आयपी तेवढा सांगे आणि त्यालाही प्रत्येक नेटवर्कात वेगळा सर्व्हर लागे. सप्टेंबर १९८५मध्ये स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्सचे जॉन गिलमोर यांनी बूटपी हा प्रोटोकॉल मांडला. आयपी, सर्व्हरचा पत्ता, कोणती फाइल उचलून सुरू व्हायचं तिचं नाव, एवढं एका पॅकेटमध्ये येऊ लागलं. पॅकेटच्या शेवटी ६४ बाइट मोकळे सोडले होते, उत्पादकाला वाटेल ते लिहायला.

१९८८मध्ये त्या मोकळ्या जागेला शिस्त आली. आधी ९९, १३०, ८३, ९९ हे ठरलेले चार आकडे, मग प्रत्येक माहितीचा नंबर, तिची लांबी आणि मजकूर. हे चार आकडे आजही डीएचसीपीच्या प्रत्येक पॅकेटमध्ये दिसतात. बूटपीच्याच पायावर बकनेल विद्यापीठाच्या राल्फ ड्रोम्स यांचं डीएचसीपी ऑक्टोबर १९९३मध्ये आलं. त्याच्या जोडीच्या यादीत ४३ नंबर उत्पादकाच्या खास माहितीला मिळाला आणि ६० नंबर ‘मी अमुक कंपनीचा’ हे सांगायला. ४३च्या आतली मांडणी कशी असावी, याची नुसती शिफारस झाली. सक्ती नाही. माझ्या मते पुढची सगळी डोकेदुखी या मोकळिकीतून आली, पण ती नसती तर एपीवाल्यांना ही वाटही सापडली नसती.

स्वतःचं काही न ठेवणारा एपी म्हणजे त्या डिस्क नसलेल्या संगणकाचाच वंशज. एअरस्पेस कंपनीने अशा एपीला कंट्रोलरशी बोलता यावं म्हणून एलवॅप हा प्रोटोकॉल आणला, आणि २००५मध्ये सिस्कोने ती कंपनीच घेतली. सिस्कोच्या रीतीने कंट्रोलर १९२.१६८.१०.५वर असेल तर ४३मध्ये जातं: एफ१ ०४ सी० ए८ ०ए ०५. एफ१ म्हणजे २४१, ही खूण. ०४ ही लांबी. पुढचे चार म्हणजे तोच आयपी, सोळाच्या पायात. कंट्रोलर दोन असले की लांबी ०८ करायची. हे विसरणारे पुष्कळ. युनिफायच्या एपींची खूण ०१. अरुबाच्या एपींना खूणच नको, पत्ता साध्या अक्षरांत चालतो, पण ६०मध्ये ‘अरुबाएपी’ जुळायला हवं.

एकाची ओळ दुसऱ्याला दिली की गंमत होते. एपीला आयपी मिळतो, पिंग लागतो, दिवाही लुकलुकतो, आणि कंट्रोलरवर मात्र तो कधीच उगवत नाही. मग स्विच बदला, केबल बदला, असं सुरू होतं.

मार्च २००९मध्ये एलवॅपच्या पायावर कॅपवॅप हे सामायिक मानक आलं आणि कंट्रोलरच्या पत्त्यासाठी स्वतंत्र ऑप्शन १३८ मिळाला. ना खूण, ना लांबीचा हिशेब आत. सरळ चार-चार बाइटांचे पत्ते. पण तोवर हात ४३ला बसले होते, आणि १३८ न वाचणारे एपीही बाजारात आहेतच. एका शेडमध्ये दोन कंपन्यांचे एपी लागले की डीएचसीपीच्या स्कोपमध्ये, म्हणजे त्या नेटवर्कच्या पत्त्यांच्या संचात, दोन वर्ग करून, ६० पाहून ज्याचा त्याला ४३ द्यावा लागतो.