संघ : एका शब्दाचे माहेर

येशूसंघाचे नाव आपल्या घराघरांत परिचयाचे आहे. १५४० साली पोप तिसरे पॉल यांनी ज्या व्रतस्थ मंडळाला मान्यता दिली, त्याच्या लॅटिन नावातील 'सोसिएतास' म्हणजे सोबत, सहवास. मराठीने त्यासाठी 'संघ' हा शब्द घेतला, आणि तो फार जुना आहे. आपल्या मुलखातील त्याचे माहेर पाहावयाचे तर आंबेगाव तालुक्यातील मंचर ओलांडून जुन्नरची वाट धरावी.

तेथे शिवनेरीच्या कड्यातील बौद्ध लेण्यांत सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचा एक छोटासा प्राकृत लेख आहे. चिट नावाच्या यवनाने 'संघा'ला भोजनमंडप दान दिल्याची ती नोंद. यवन म्हणजे मूळचा ग्रीक, किंवा तसे म्हणवणारा. अशा परक्या माणसाने संघासाठी एकत्र बसून जेवण्याची जागा निवडावी, हे आम्हांस फार बोलके वाटते.

'सम्' हा उपसर्ग व 'हन्' हा धातू यांपासून संघ शब्द बनतो. घट्ट जुळून आलेला समूह, हा त्याचा अर्थ. मुळात तो धार्मिक शब्दच नव्हे. पाणिनीने तो 'गण' या अर्थी दिला आहे, आणि सभेत बसून कारभार करणाऱ्या वज्जींसारख्या राज्यांनाही संघ म्हणत. बुद्धाच्या भिक्षूंनी शब्दाबरोबर सभेची रीतही उचलली. नवा भिक्षू घ्यावयाचा तर प्रस्ताव मांडून तीनदा विचारायचे; मौन ती संमती. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनेही आपल्या नियमावलीत सांगितले, की महत्त्वाच्या प्रसंगी मठाधिपतीने सर्वांना, अगदी धाकट्यालाही, विचारावे. त्याने भिक्षूंची रीत पाहिली नव्हती. एकत्र राहणाऱ्यांना ती आपोआप सुचत असावी.

आपल्या 'कॉन्व्हेंट' शब्दाचेही तेच. लोकांना तो ऐकताच इंग्रजी शाळा आठवते! पण 'कोन्वेन्तुस' म्हणजे केवळ एकत्र येणे. जुन्नरला भगिनींचाही मागमूस आहे : तेथील एका लेखात नगरातील धम्मुत्तरीय पंथाच्या भिक्षुणींच्या 'उपसया'चा उल्लेख येतो. जैन बांधव आपल्या साधुसाध्वींच्या निवासाला आजही उपाश्रय म्हणतात, तो हाच शब्द.

आणि समोरच्या लेण्याद्रीवर, भिक्षूंच्या जुन्या विहारात, आज अष्टविनायकांतील गिरिजात्मज विराजमान आहे. पाणिनीच्या हिशेबाने, संघाच्या घरात गणांचा पती.